फटीतून वारं येणारं सागवानी दार: आधी टांगणी, मग तासणी, शेवटी रबर

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यातलं जुनं घर. मागचं दार द्राक्षबागेच्या बाजूला, उत्तरेला तोंड करून. एका झडपेचं, सागवानी, पॅनेलचं, घराइतकंच जुनं. पावसाळ्यात फुगून अडकायला लागलं म्हणून गेल्या जुलैत सुताराकडून तासून घेतलं. आता डिसेंबरात कुलपाच्या बाजूने पेन्सिल जाईल एवढी फट पडली आहे, खालूनही वारं येतं, आणि त्याच खोलीत सासूबाई झोपतात. बाजारातून स्पंजची चिकटपट्टी आणून लावली, ती पंधरा दिवसांत सुटून लोंबायला लागली. आता नवं दार करावं का?

नका करू. त्या काळचा साग मुरलेला असतो. आज वखारीतून आणलेलं लाकूड, मग ते बल्लारशाचं असो की परदेशी, बहुतेक वेळा तितकं वाळलेलं मिळत नाही. नवं दार पहिल्या दोन वर्षांत याहून जास्त वाकडं होण्याची शक्यता आहे. तुमचं दार खराब नाही, ते चुकीच्या महिन्यात तासलं गेलं आहे. वर त्याच्या टांगणीत दोष असणार, कारण चांगलं टांगलेलं पॅनेलचं दार पावसाळ्यात थोडं जड होतं, पण अडकून बसत नाही.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. म्हणून सात फुटी दाराची उंची बारा महिने तीच राहते आणि फरक पडतो तो फक्त आडवा. फळ्या शेजारी शेजारी जोडून मागे आडव्या पट्ट्या ठोकलेलं, गोठ्याला असतं तसं दार असेल, तर तीन फुटांच्या रुंदीत पावसाळा आणि एप्रिल यांच्यात सेंटिमीटरच्या आसपास फरक पडू शकतो. पॅनेलचं दार मुळात यासाठीच तसं बनवतात. मधली पॅनेलं खाचेत मोकळी सरकतात, आणि दाराची रुंदी बदलते ती फक्त दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्यांच्या फुगण्याने. चार-चार इंचाच्या दोन पट्ट्या असतील तर सागात हा फरक दोन मिलिमीटरच्या आगेमागे येतो. आता हिशोब बघा. जुलैत दार पूर्ण फुगलेलं असताना ‘मोकळं फिरतंय’ म्हणेपर्यंत रंधा मारला, म्हणजे तीन मिलिमीटरची फट तेव्हाच झाली. हिवाळ्यात त्यात दोनची भर पडली. टांगणी खचल्यामुळे खालच्या कोपऱ्यात आणखी दोन. झाली पेन्सिल जाण्याएवढी फट.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी दार सरळ टांगायचं, मग त्या महिन्याला शोभेल तेवढी फट ठेवायची, आणि उरलेल्या फटीत रबर बसवायचं. लोक उलटीकडून सुरुवात करतात. पट्टी आधी लावतात, दार लागत नाही म्हणून मग तासतात, आणि पुन्हा जाड पट्टी आणतात.

पहिलं काम, वारं नक्की कुठून येतं ते शोधायचं. रात्री खोलीत अंधार करा, बाहेरून कोणाला तरी टॉर्च दाराच्या कडेने फिरवायला सांगा आणि आतून बघा. मग वारं असेल अशा वेळी उदबत्ती पेटवून दाराच्या कडेने, फटीपासून चार बोटांवर, सावकाश न्या. पडदे आणि कपडे जरा दूर ठेवा. धूर जिथे आडवा होतो तिथे खडूने खूण करा. ही उदबत्ती दारापाशी थांबवू नका. चौकट आणि भिंत यांच्या सांध्यावरूनही फिरवा, पॅनेलांच्या चारही कडांवरून फिरवा, कडी-कोयंड्याच्या भोकापाशी धरा. जुन्या घरात निम्मं वारं चौकटीमागून येतं आणि शिव्या दाराला बसतात. विटांची भिंत, सांध्यांत चुना किंवा माती, वर नंतर कधीतरी केलेलं सिमेंटचं प्लास्टर, आणि दार आपटून आपटून चौकट भिंतीपासून सुटलेली, हे चित्र फार नेहमीचं आहे.

चौकट हलते का ते बघायला दार जरा जोराने लावा आणि चौकटीवर तळवा ठेवा. हादरा जाणवला किंवा प्लास्टरमधून भुगा पडला, तर होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, सुटले आहेत. अशा वेळी चौकटीतून भिंतीत लांब फास्टनरचे स्क्रू मारून ती आधी पक्की करायची, एका बाजूला तीन तरी. मारताना ओळंबा लावून बघा, कारण सुटलेली चौकट एका बाजूला झुकलेली असते आणि तशीच घट्ट केली तर दोष कायमचा बसतो. मागची पोकळी मोठी असेल तर फोम मारतात. फोम फुगतो आणि चौकटीला आत ढकलतो, म्हणून थोडा थोडा मारायचा आणि तोवर चौकटीच्या दोन पायांमध्ये आडवं लाकूड अडकवून ठेवायचं. बारीक भेगेला अॅक्रिलिक सीलंट पुरतो आणि त्यावर रंगही बसतो. सिलिकॉनवर रंग धरत नाही, मग ती पांढरी रेघ आयुष्यभर दिसत राहते. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीत कडक सिमेंट भरू नका, ते वर्षभरात वेगळं होऊन पडतं. चुना आणि वाळूच बरी.

चौकटीच्या पायात स्क्रू ड्रायव्हर टोचून बघायचाच. वाळवीने वरून काही न दाखवता आतून पोखरलेलं असतं. टोक दोन-तीन मिलिमीटरवर अडलं तर ठीक. सहज आत गेलं तर तेवढा पाय तिरका कापून नव्या लाकडाचा जोड द्यावा लागेल, आणि त्याआधी वाळवीचा बंदोबस्त. बाकीचं काम तोवर थांबवा.

आता टांगणी. दार बंद करा आणि फट चारही बाजूंनी बघा. कुलपाच्या बाजूला फट वर कमी आणि खाली जास्त असेल, आणि खालचा कोपरा फरशीला घासत असेल, तर दार कुलपाकडे खचलं आहे. दार अर्धं उघडून मूठ धरून हळूच वर उचला. खटखट जाणवली तर वरच्या बिजागरीचे स्क्रू भोकांत सैल झाले आहेत. नुसते आवळून उपयोग नाही, लाकडाचं भोकच मोठं झालेलं असतं. स्क्रू काढा, भोकात फेविकॉल सोडा, बांबूच्या बारीक काड्या तासून ठोकून भरा, आणि दुसऱ्या दिवशी वाढलेलं टोक पटाशीने कापून बारीक ड्रिलने नवं भोक पाडा. काडेपेटीच्या काड्या भरतात तो तात्पुरता उपाय आहे, त्या लाकडाला पकड नसते. वरच्या बिजागरीला तरी एक स्क्रू तीन इंची घ्या, म्हणजे तो चौकटीच्या आतल्या अभंग लाकडात जाईल. पितळी स्क्रू वापरायचे असतील तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करा, मग साबण लावून पितळी घाला. सागात सरळ पितळी पिळला तर डोकं तुटून हातात येतं.

सात फुटी सागवानी दाराला तीन बिजागऱ्या हव्यातच. दोनच असतील तर तिसरी मध्ये घाला, वरच्या बाजूला थोडी सरकवून घातली तर आणखी चांगलं, कारण ओढ वर असते.

स्क्रू घट्ट करूनही खचलेलं राहिलं तर रंधा उचलण्याआधी खालची बिजागरी सोडून तिच्यामागे सनमायकाचा एक तुकडा घाला. एक मिलिमीटरचा हा तुकडा, म्हणजे पत्ता, खालची कड कुलपाकडे ढकलतो, दार वरच्या बिजागरीभोवती किंचित फिरतं आणि कुलपाकडची बाजू वर उचलली जाते. पाच मिनिटांचं काम आहे आणि दारावर ओरखडाही उठत नाही. उलट बिजागरी चौकटीत वाजवीपेक्षा खोल बसली असेल तर दार लावताना शेवटच्या इंचाला उसळी मारतं. तिथेही हाच पत्ता लागतो. पुठ्ठा घालू नका, तो ओल धरून दबतो.

यानंतर पीळ बघायचा. दार हळूच टेकवा, दाबू नका. कुलपाकडे खालचा कोपरा चौकटीला टेकला आणि वरचा बाहेर राहिला, किंवा उलट, तर दार पिळलेलं आहे. खात्री करायची तर दार उतरवून चार कोपऱ्यांवर एकाच उंचीचे खिळे ठोका आणि दोन तिरक्या दोऱ्या ताणा. दोऱ्या मध्यावर एकमेकींना नुसत्या शिवल्या तर दार सरळ. एक दुसरीला दाबत असेल तर दोरी वरखाली बदलून पुन्हा बघा. एका बाजूने दाब आणि दुसऱ्या बाजूने मध्ये अंतर आलं, की त्या अंतराच्या दुपटीएवढा पीळ आहे.

पिळलेलं दार सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये, हे माझं ठाम मत. उन्हात वजन ठेवून, ओलं करून, पाचरी मारून केलेलं सरळपण पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही. त्यापेक्षा दोष वाटून टाकायचा. कुलपाकडचा वरचा कोपरा आठ मिलिमीटर बाहेर राहतोय असं धरा. त्याच्या तिरक्या समोरचा कोपरा म्हणजे खालची बिजागरी. ती चौकटीवर चार मिलिमीटर बाहेरच्या अंगाला सरकवा, वरचं बाहेर राहणं चारवर येतं. उरलेल्या चारसाठी त्या कोपऱ्यात, दाराच्या वरच्या टोकाला, एक चांगला टॉवर बोल्ट लावा आणि त्याचं भोक किंचित आत घ्या. बोल्ट सरकवला की दार ओढून बसतं. आपल्याकडे जुन्या दारांना वरखाली बोल्ट असायचे, त्याचा हाही एक उपयोग होता. हल्ली सगळे मध्ये एकच कुलूप बसवतात आणि दाराची दोन्ही टोकं मोकळी राहतात.

आता तुमच्या तासलेल्या कडेकडे येऊ. टांगणी दुरुस्त झाल्यावरच कुलपाच्या बाजूची फट पुन्हा मोजा. ती वरखाली सारखी आणि चार मिलिमीटरच्या आत आली, तर लाकूड घालण्याची गरज नाही, रबर पुरेल. पाचच्या वर राहिली तर मात्र दाराला सागाची पट्टी जोडावी लागेल. फट किती असावी याला मी महिना विचारतो. भर पावसाळ्यात दीड-दोन मिलिमीटर, थंडीत तीन, आणि एप्रिलच्या कोरड्या उन्हात बसवत असाल तर चार. सध्याची रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की तीनच्या जवळ जातं, तेवढं माप हाताशी पुरतं. वरची बाजू तीन, कारण तिथे हालचाल फारशी नाही.

ही पट्टी कुलपाकडे न लावता बिजागरीच्या बाजूला लावा. कुलपाकडे लावली तर कुलपाचं भोक, पट्टी, मूठ सगळं हलवावं लागतं, आणि नवा सांधा रोज डोळ्यांसमोर. बिजागरीकडे फक्त खाचा पुन्हा कोरायच्या. तिथला जुना रंग रंध्याने काढून कड गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणायची, आठ मिलिमीटर जाडीची जुन्या सागाची पट्टी घ्यायची, आणि चिकटून पक्की झाल्यावर जास्तीचं तासायचं. पट्टीचे रेषे उभेच हवेत. जुन्या मोडक्या दाराची किंवा पलंगाची पट्टी मिळाली तर नव्या वखारीच्या लाकडापेक्षा ती घ्या. सागाच्या अंगात तेल असतं, त्यामुळे चिकटवण्याच्या जरा आधी दोन्ही अंगं थिनरच्या फडक्याने पुसायची आणि सुकली की लगेच वॉटरप्रूफ फेविकॉल लावायचा. पुसून तासभर ठेवलं तर तेल पुन्हा वर येतं आणि सांधा सुटतो. लांब क्लॅम्प सुताराकडे नसतील तर दाराभोवती सुती दोरीचे वेढे द्या आणि दोरीखाली जागोजाग पाचरी ठोकून ताण आणा, कडांना पुठ्ठा लावून. चोवीस तास हात लावू नका. बिजागरीचे स्क्रू पट्टी ओलांडून मूळ दारात निदान एक इंच गेले पाहिजेत, नाहीतर सगळा भार आठ मिलिमीटरच्या पट्टीवर येतो आणि ती फाटते.

पुढे कधी पावसाळ्यात अडकलंच, तर सरळ रंधा मारू नका. कडेला खडू चोळून दार लावा, चौकटीवर जिथे खडू उमटेल तिथेच अडचण आहे. बहुतेक वेळा बोटभर जागा असते. तिथे मेणबत्ती घासून आठवडा काढा. तरी नाही जमलं तर पॉलिश पेपर, आणि रंधा सगळ्यात शेवटी. कुलपाकडची कड तासताना तिला चौकटीच्या खाचेत टेकणाऱ्या अंगाला दोन-तीन मिलिमीटर उतार द्या, दार फिरताना तीच धार आधी लागते. वरची-खालची टोकं तासताना रंधा कडेकडून मध्याकडे न्या, उलटा नेला की उभ्या पट्टीचा कोपरा सोलून निघतो.

हे तासणं मुळात लागू नये म्हणून दाराचं वरचं आणि खालचं टोक रंगवा. दहापैकी नऊ दारांची ही दोन टोकं कोरी असतात, कारण रंगारी दार लटकलेलं असतानाच रंग देतो. लाकूड सगळ्यात जास्त ओल आडव्या कापलेल्या टोकातून पितं. तुमचं दार या कामासाठी उतरेलच, तेव्हा खालच्या-वरच्या टोकांना आणि बिजागरीच्या खाचांतही पॉलिश किंवा प्रायमर आणि ऑइल पेंटचे दोन हात द्या. दर्शनी भागावर एक हात कमी पडला तरी चालेल, इथे नको.

पॅनेलांच्या कडेने वारं येत असेल तर सुतार हमखास लांबी (पुट्टी) भरून देतो. भरू देऊ नका. पॅनेल खाचेत मोकळं असायला हवं. ते चारही बाजूंनी लांबीने किंवा फेविकॉलने जखडलं की पुढच्या उन्हाळ्यात आकसताना मधोमध उभं चिरतं. बाहेरच्या अंगाने अॅक्रिलिक सीलंटची बारीक रेघ ओढा, ती ताणली जाते. पॅनेल आधीच चिरलेलं असेल तर भेगेच्या आकाराची सागाची चीप तासून चिकटवा आणि कडा मोकळ्या ठेवा.

आता रबर. स्पंजची पट्टी सुटली यात नवल नाही. ती दोन कारणांनी सुटते. स्पंज एका हंगामात चपटा होतो आणि परत फुगत नाही. आणि तुम्ही ती गार सकाळी, तेलकट ऑइल पेंटवर, न पुसता लावली असणार. या वेळी ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची पोकळ पट्टी आणा. ती इंग्रजी ई, पी आणि डी या अक्षरांच्या आकारात मिळते. ई साधारण दोन ते साडेतीन मिलिमीटरच्या फटीला, पी तीन ते पाचला आणि डी त्याच्या वर. इथली फट म्हणजे दाराच्या कडेची नव्हे. दाराचं पान चौकटीच्या खाचेत ज्या पृष्ठावर येऊन टेकतं, त्या दोघांमधलं अंतर. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून घरगुती युक्ती करा. कणकेच्या सुपारीएवढ्या गोळ्या प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून खाचेत ठेवा, कुलपाकडे तीन, वर दोन, बिजागरीकडे तीन. दार नेहमीसारखं लावा, कडी घाला, उघडा. दबलेल्या गोळीची जाडी पट्टीने मोजा. आठ ठिकाणी आठ आकडे येतील. जुन्या दारात एकच जाडी सगळीकडे कधीच नसते, त्यामुळे एका दाराला दोन प्रकारची पट्टी लावायला काही हरकत नाही. पट्टी दार लागल्यावर पाव ते तिसरा हिस्सा दबली पाहिजे. त्याहून जास्त दबली तर कडी घालताना सासूबाईंना खांदा लावावा लागेल.

बिजागरीकडची पट्टी नेहमी एक पायरी बारीक घ्या. तिथे दार दाबत येत नाही, घासत येतं. जाड रबर घातलं की ते पाचरीसारखं अडकून बिजागऱ्यांचे स्क्रू उपटतं, आणि आपण आत्ताच भरलेली भोकं पुन्हा सैल. पट्टी लावायची दुपारी, हवा तापून लाकूड कोमट झाल्यावर. आधी साबणाच्या पाण्याने, मग स्पिरिटने पुसा. रंग उडत असेल तर पॉलिश पेपर मारा, उडत्या रंगावर कुठलाही गोंद धरत नाही. पट्टी ताणून लावू नका. ताणलेलं रबर रात्री आकसतं आणि कोपऱ्यात बोटभर जागा उघडी पडते. शेवटी दार लावून बघा. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. थोडा विरोध करत निघाली तर बरोबर, फाटली तर जास्त घट्ट, अलगद निघाली तर तिथे वारं आहे. रबर बसल्यावर कडीचं भोक एक-दोन मिलिमीटरने जुळत नाहीसं होतं, ते कानशीने घासून घ्या.

खालची फट हा वेगळा विषय आहे आणि तुमच्या घरात तो मोठा असावा. फरशी बदलताना उंबरठा काढला का, हे घरात विचारा. शहाबादी काढून टाइल्स घालताना तो सर्रास काढतात, झाडायला सोपं म्हणून. मग चौकटीला तीनच बाजू उरतात आणि चौथ्या बाजूला दार हवेत लटकतं. वाऱ्याचं सोडा, बागेकडच्या दाराखालून उंदीर आणि विंचूही तिथूनच येतात. माझ्या मते उंबरठा परत घालणं हाच खरा उपाय. फार उंच नको, म्हातारं माणूस अडखळेल. ग्रॅनाइटची किंवा कडप्प्याची वीस मिलिमीटरची पट्टी, दोन्ही धारा तिरक्या घासलेली, बाहेर किंचित उतार देऊन बसवा. दार आत उघडत असेल तर ती दाराच्या बाहेरच्या अंगाला अशी यावी की बंद दाराची खालची कड तिला टेकेल, आणि टेकण्याच्या जागी तीच रबरी पट्टी. पावसाळ्यात झड दारावर बसत असेल तर दाराच्या बाहेरून तळाशी सागाची तिरकी पट्टी मारा, खालून बारीक खोबण पाडून. पाणी दाराच्या अंगाने ओघळून आत वळण्याऐवजी त्या खोबणीशी तुटून बाहेर पडतं.

उंबरठा नकोच असेल तर दाराच्या तळाला अॅल्युमिनियमच्या पट्टीतला ब्रश किंवा रबर लावा. फरशी खालीवर असेल तर ब्रश, सपाट असेल तर रबर. नुसतं रबर उंदीर कुरतडतात, त्यामुळे बागेकडच्या दाराला बाहेरून तळाला चार इंचाचा अॅल्युमिनियमचा पत्रा मारलेला बरा. दार उघडताना आतली फरशी चढत असेल तर खाली लावलेली पट्टी घासते. तिथे दाराच्या आत खोबणीत बसणारं आपोआप खाली येणारं सील मिळतं. दार लागलं की खाली उतरतं, उघडलं की वर जातं. चांगली वस्तू आहे, पण दाराच्या तळाला खोबण पाडावी लागते आणि जुन्या सांध्यांच्या दाराला ती पाडताना सुताराचा हात सराईत हवा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एकच सूचना. वरचं बरंचसं सागवानी पॅनेलच्या दाराला लागू आहे, फ्लश डोअरला, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट प्लायच्या दाराला, तासणीचा भाग नाही. फ्लश डोअरच्या कडेला लाकडाची बारीक पट्टी असते आणि तिच्या आत भराव. तीन-चार मिलिमीटरच्या पुढे रंधा मारला की भराव उघडा पडतो आणि पाणी पितो. तिथे बिजागरीमागचे पत्ते आणि रबर यांवरच भागवायचं.

हे सगळं या थंडीत एकदम होणार नाही. सासूबाईंसाठी आजच करता येईल ते असं. दाराच्या रुंदीएवढी कापडी नळी शिवा, भाताचं तूस किंवा वाळू भरा आणि रात्री दाराच्या पायाशी लावा. दारावर दांडी मारून जाड गोधडी सोडा, जमिनीला टेकेल अशी, आणि दोन्ही बाजूंना वीतभर भिंतीवर येईल एवढी रुंद. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरतो त्या रात्री एवढ्यानेही खोलीत फरक कळतो. बिजागऱ्यांची भोकं भरणं, सनमायकाचा पत्ता आणि रबर हे एका सुट्टीच्या दिवसात घरच्या घरी होतं. पट्टी चिकटवणं, उंबरठा आणि रंग हे फेब्रुवारी-मार्चसाठी ठेवा. तेव्हा लाकूड ना फुगलेलं असतं ना पार सुकलेलं, आणि दार दोन दिवस उतरवून ठेवलं तरी कोणी कुडकुडत नाही.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. त्या खोलीत रात्री कोळशाची शेगडी ठेवत असाल, किंवा खोलीला लागून असलेल्या न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल, तर फटी बंद करण्याआधी ती व्यवस्था बदला. फटींतून वारं येत होतं म्हणूनच आजवर निभावलं असेल. कोळसा आणि गॅस अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. शेगडी झोपण्याच्या खोलीत नकोच, झरोका उघडा ठेवूनही नको. गीझरचं न्हाणीघर असेल तर त्याला बाहेरच्या भिंतीतून जाळी लावलेला, कायम उघडा राहणारा झरोका हवा, आणि त्या न्हाणीघराच्या दाराखालची फट बुजवू नका.

सुताराला बोलावण्याआधी तीन आकडे काढून ठेवा: कुलपाकडची फट वर, मध्ये आणि खाली किती, दोऱ्यांमधलं अंतर किती, आणि बंद दाराखालची फट दोन्ही टोकांना किती. हे आकडे हातात असले की तो आल्या आल्या रंधा काढणार नाही. काढलाच, तर आधी बिजागरीचे स्क्रू दाखवा.